पांढरी पाच

९ जानेवारी

सकाळी फोन आला. आमच्या जुन्या नाटक कंपनीच्या मालकांचा मुलगा. तेव्हा विंगेत शेंबूड पुसत बसायचा, आता दिग्दर्शक झालाय. "मावशी, नावाडिणीचं नाटक पुन्हा काढतोय. एकतीस वर्षांनी. तुम्ही कीबोर्डवर बसाल का?"

मी विचारलं, "नावाडीण कोण?"

तो अडखळला. मग म्हणाला, "त्याच. दुसऱ्या कुणाला पेलणार?"

त्याच म्हणजे ती. वर्तमानपत्रवाले तिला कोकिळा म्हणतात. मी या वहीत नुसतं 'ती' म्हणणार आहे. कोकिळा आपली अंडी कुठे घालते हे त्या लोकांना ठाऊक नसावं.

मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच की तोच "दोन दिवस विचार करून सांगा" म्हणायला लागला. एकतीस वर्षं विचारच करतेय, आणखी दोन दिवसांनी काय होणार?

हे बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी जुना रेडिओ उघडून बसले होते. जन्मभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आता दुकान नाही तर लोक घरी आणून देतात. माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आजच आलंय," मी म्हटलं.

१० जानेवारी

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे हात डळमळला तर वाचता येईल.

तेव्हा नावाडीण मी होते. ती पेटीवर होती, आणि मी आजारी पडले तर उभं राहायचं म्हणून तिने माझं सगळं काम पाठ केलं होतं. आम्ही एका ताटात जेवायचो. माझी वेणी ती घालायची. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं.

नाटकातली नावाडीण नदीवर होडी चालवते. ज्याच्यासाठी ती थांबली तो माणूस शेवटी परत येतो तो पूल बांधायला, म्हणजे तिची होडी बंद करायला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती शेवटची फेरी मारते आणि गाते. त्या गाण्याची रीत वेगळी आहे. सगळी वाद्यं थांबतात. पेटीवाली एकच सूर देते आणि हात उचलते. पहिलं कडवं बाई एकटी म्हणते, साथीला काही नाही. मग पेटी येते, होडी मध्यावर जाईपर्यंत एकटी वाजते, आणि मग दुसरं कडवं. त्याच्या शेवटी "ये" एवढ्या एका अक्षरावर आवाज पार वर जाऊन थांबतो. गाण्याची पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी धरून गायचं. ती पट्टी असेल तर "ये" माझ्या गळ्यात बसवल्यासारखा बसायचा.

आठव्या प्रयोगाला तो फुटला. भांडं पडावं तसा. बाल्कनीतून कुणीतरी हसलं, मग त्याच्या शेजारचा. मालकांनी नववा प्रयोग तिला दिला, आणि नंतरचे दोनशे बाराही. मी एका शाळेत मुलांच्या प्रार्थनेला पियानो वाजवायची नोकरी धरली. त्यानंतर मी गायले नाही. घरातसुद्धा नाही.

वीस वर्षं मी माझ्याच गळ्याला दोष देत होते. मग ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याने आठव्या प्रयोगाची कॅसेट आणून दिली. मी ती शाळेत नेऊन पियानोशी ताडून पाहिली. तिने दिलेला सूर पांढरी पाच नव्हता. काळी चार होता, अर्ध्या सुराने वर. पहिलं कडवं मी एकटी म्हणते, तेव्हा ती देईल त्यावरच चढणार. आणि शेवटी तोंडावर आपटणार.

ह्यांना ऐकवलं तर म्हणाले, "अगं, कॅसेट आहे ती. मोटर जरा जलद फिरली की सूर चढतो. दिवसाला पाच तरी असली यंत्रं यायची माझ्याकडे. एवढ्यावर कुणाला फाशी देशील?"

हे भले गृहस्थ आहेत. भल्या माणसांना पुरावा लागतो.

२४ जानेवारी

पहिली तालीम. शाळेची व्यायामाची जागा भाड्याने घेतलीय. फरशीवर चिकटपट्टीने होडी आखलीय, आणि एक मोडकी खुर्ची म्हणजे किनारा.

ती आली. केस पिकलेत, ते रंगवत नाही. लोकांना तेही थोर वाटतं. सरळ माझ्याकडे आली, खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं आलीस."

"न येऊन कसं चालेल," मी म्हटलं. ताकास तूर लागू दिली नाही.

नवा कीबोर्ड चांगला आहे. त्याला सूर चढवा-उतरवायचं एक बटण आहे. बोटं जिथे आहेत तिथेच ठेवायची, बटण एकदा दाबलं की सगळं अर्ध्या सुराने वर, दोनदा दाबलं की पूर्ण एक सूर. तिच्या वेळी पेटीत हे सुख नव्हतं. तिला तरी किती कष्ट पडले असतील.

सोबत एक ड्रमवाला आहे, त्याच्या वाद्याला पट्टीचं सोयरसुतक नाही. दिग्दर्शकाला सूर आणि सुरी यातला फरक कळत नाही. मैदान मोकळं आहे.

२ फेब्रुवारी

दिग्दर्शकाने सगळ्यांना एकेक कागद दिला. पहिल्या प्रयोगाला पुस्तिका काढणार आहेत, त्यात प्रत्येकाने दहा ओळी लिहायच्या: हे संगीत नाटक माझं आवडतं का?

कपडेपटवाल्या बाईंनी तिथेच लिहून दिलं: गाणी गोड आहेत आणि साड्या कमी लागतात. प्रामाणिक बाई. ड्रमवाल्याने लिहिलं, यात त्याला वीस मिनिटं चहा पिता येतो.

मी घरी येऊन बसले. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. माझं आवडतं आहे असं कुणी सांगितलं? मी या नाटकाचं तोंड एकतीस वर्षं पाहिलेलं नाही. शाळेतल्या मुलांना घेऊन दुसरी डझनभर संगीत नाटकं पाहिली. त्यांत माणसं गातात कारण नेपथ्य बदलायला वेळ हवा असतो, किंवा प्रेक्षकांना झोप येऊ नये. नावाडीण गाते कारण ती बोलायला लागली तर रडेल, आणि रडली तर होडी वाहून जाईल. बस, एवढंच. एवढ्याने काही नाटक आवडतं होत नाही.

भांडी घासत होते तर हे म्हणाले, "तू रोज त्याच ठिकाणी का थांबतेस?"

"कुठे?"

"हात चालू असतो तुझा, ताल धरल्यासारखा. मग एकाएकी थांबतो. मग पुन्हा सुरू. लग्नापासून बघतोय."

मी म्हटलं, चरवी घासताना हात थांबणारच. या माणसाला दुसरा उद्योग नाही.

११ फेब्रुवारी

आज करून पाहिलं. एकदाच दाबलं. कीबोर्डच्या पडद्यावरचा आकडा वहीने झाकला आणि काळी चार दिली.

पहिल्या शब्दाआधी ती क्षणभर थांबली. मग तोच सूर घेऊन गायली. शेवटचा "ये" लागला, पण काठावरून. मानेच्या शिरा टरारून आलेल्या मला इथून दिसल्या. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. "ताई, आज काय धार होती."

ती पाणी प्यायला माझ्या बाजूला आली. वहीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "जरा दमले," म्हणाली. "वय झालं आपलं."

"आपलं कशाला, तुझं," मी म्हटलं. ती हसली. मला वाटलं होतं तिला राग येईल. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

अर्ध्या सुराने ती मरत नाही, हे कळलं. पूर्ण एक सूर लागेल.

१८ फेब्रुवारी

एक संकट आलं आणि गेलं. दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं की त्या गाण्याचा सूर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, म्हणजे गडबड नको. सगळं मुसळ केरात.

वाचवलं कुणी? तिनेच. म्हणाली, "सूर हीच देणार. नाहीतर मी उभी राहणार नाही."

"ताई, तांत्रिकदृष्ट्या सोपं पडेल हो."

"तुला सोपं पडेल. सूर माणसानेच द्यायचा, आणि तोही हिनेच."

गर्व बघा. साथीला हिची जुनी मैत्रीण बसलीय हे लोकांना दाखवायचंय. स्वतःच्या पायावर स्वतः धोंडा पाडून घेतेय, मी कशाला अडवू?

२६ फेब्रुवारी

कपडेपटवाल्या बाई ब्लाउजची शिलाई उसवता उसवता म्हणाल्या, "ताईंना डॉक्टरांनी दम दिलाय. घशात सूज आहे. ताणलात तर आवाज जाईल, आणि गेलेला येणार नाही म्हणाले. कुणाला सांगू नका हं."

दिग्दर्शकाला मात्र कळलेलं होतं. त्याने तिला विनवलं की गाणं एका सुराने खाली घेऊ. तिने साफ नाही म्हटलं. पांढरी पाच म्हणजे पांढरी पाच.

म्हणजे मी पूर्ण एक सूर चढवला तर नुसता एका संध्याकाळचा फजितवाडा नाही. कायमचं.

घरी येताना दोन थांबे पुढे गेले, उतरायचं भानच राहिलं नाही. दया आली का? शोधून पाहिली, सापडली नाही. माझा गळा काही सुजला नव्हता. माझा गळा धडधाकट होता, सत्तावीस वर्षांचा. तो तसाच पडून पडून गंजला. हे कुठल्या डॉक्टरने पाहिलं?

पुस्तिकेचा कागद देऊन टाकला. दहा ओळींऐवजी दोन लिहिल्या: "या नाटकात एक बाई एकटी गाते आणि तिला सावरायला कुणी नसतं. हे खरं वाटतं." दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, छान आहे, पण आवडतं का ते नाही आलं." मी म्हटलं, तू आपला छाप.

५ मार्च

रंगमंचावर तालीम. खरी होडी, चाकांवरची. मी खाली वादकांच्या खळग्यात. तिथून तिचे पाय आधी दिसतात, मग चेहरा.

आज पांढरी पाचच दिली. संशय नको. ती गायली. मी हात उचलून बसले होते, पहिल्या कडव्यात मला काहीच काम नसतं. दुसऱ्या ओळीवर ती श्वास घ्यायला थांबली नाही, मी थांबायचे. तिथे थांबायलाच हवं, नाहीतर "परतीची वाट" हे शब्द वाहून जातात. दोनशे तेरा प्रयोग केले आणि एवढं कळलं नाही. दहा मिनिटांच्या सुट्टीत जाऊन सांगितलं तिला.

"तू थांबायचीस ना तिथे," ती म्हणाली. "मी मुद्दाम थांबत नव्हते. तुझी जागा म्हणून."

काहीतरी बोलायचं म्हणून बोलते. उद्यापासून थांब, मी म्हटलं. सूड आपल्या ठिकाणी, गाणं आपल्या ठिकाणी.

७ मार्च, दुपार

आज पहिला प्रयोग. तिकिटं संपलीत. हे म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, नका येऊ. ते कपडे इस्त्री करायला लागले.

दोनदा दाबायचं. पांढरी सहा. मनात कसलाही गोंधळ नाही. काट्याने काटा काढायचा असतो, मलमाने नाही.

८ मार्च, सकाळ

झालं तसं लिहिते.

दुसऱ्या अंकाचा शेवट. ड्रम थांबले. होडी काठावरून सुटली. मी बटण दोनदा दाबलं आणि सूर दिला, पांढरी सहा, लांब आणि स्वच्छ, कुणालाही मोह पडेल असा. हात उचलला.

ती गप्प उभी. मला वाटलं विसरली. तिने मान वळवून खळग्यात पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि मी दिलेला सूर जसाच्या तसा उचलला.

कडवं चांगलं झालं. त्या पट्टीत गाण्याला एक कड येते, ती मी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या ओळीवर ती थांबली, मी सांगितलं होतं तिथे. नाट्यगृहात कुणी खोकलं नाही. मग माझी वाजवायची पाळी आली. होडी पलीकडे निघाली. माझ्या मनात चाललं होतं, अजून बारा मात्रा, मग एक कडवं, मग "ये", आणि मग बाल्कनी.

आणि तो फुटलेला "ये" मला आधीच ऐकू आला. तिचा नाही, माझा नाही, नुसता गाण्याचा. चांगल्या घरातला आरसा कुणीतरी पाडावा तसं वाटलं. ते गाणं काय वाईट वागलं होतं माझ्याशी? त्या नावाडिणीने शेवटची हाक मारायची आणि लोकांनी हसायचं, हे तिच्या वाट्याला पुन्हा का?

हे सगळं मी आत्ता लिहितेय. तेव्हा विचारबिचार काही नव्हता. बटणाला हात लावायला सवड नव्हती, बोटंच खाली सरकली. आधी अर्धा सूर, चार मात्रा तिथे रेंगाळले, मग आणखी अर्धा, जशी होडी उतारावर निघालीय. कुणाला वाटलं असेल चालच तशी आहे. सगळ्या पट्ट्या उलट्यासुलट्या झाल्या होत्या, पांढऱ्याच्या जागी काळ्या, शाळेतल्या पोरासारखी बोटं चाचपडायला हवी होती. एकही चुकलं नाही. शेवटी मी पांढऱ्या पाचवर येऊन थांबले.

ती वळली. तिने वळायचं नव्हतं, तिने वल्हं मारायचं होतं. ती थेट माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत आभार नव्हते. संताप होता.

मग ती गायली, पांढरी पाचमध्ये. "ये" लागला आणि उभा राहिला. बराच वेळ टाळी आली नाही, आणि मग आली ती थांबेना.

प्रयोगानंतर तिने कपडेपटवाल्या बाईंना खोलीबाहेर पाठवलं. मला आत बोलावलं, दार लावलं.

"का उतरलीस?"

"कुठे?"

"भोळेपणाचा आव आणू नकोस. पांढरी सहा दिलीस. मी घेतली. मग मध्येच का उतरलीस?"

"तुला कळलं होतं?"

"काळी चार दिलीस त्या दिवशीही कळलं होतं. तुला कीबोर्डवर बसव असं मालकांच्या पोराला मीच सांगितलं होतं. मी बहिरी आहे का?"

"मग गायलीस कशाला? घसा सुजलाय तुझा."

ती आरशापुढे बसली, कापसाने रंग पुसायला लागली. पाठमोरीच बोलली. "त्या दिवशी पेटी दुरुस्तीहून आली होती. दुसरा अंक सुरू झाल्यावर, या गाण्याच्या पाच मिनिटं आधी. सूर चढलेले होते, मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं ठाऊक. तू पहिली ओळ म्हटलीस आणि मला कळलं."

"म्हणजे कॅसेट बरोबर होती."

"कुठली कॅसेट?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाली, "कडवं संपलं. मग मी वाजवायला लागले. तेवढ्या वेळात खाली येता आलं असतं. आज तू आलीस तसं. मला येत होतं ते. बोटांना माहीत होतं. मी मनात म्हटलं, बघू या काय होतं. एवढंच म्हटलं, बघू या. पेटीची चूक पहिल्या कडव्यापुरती होती. पुढची माझी."

तिने कापूस उलटा करून दुसरा गाल पुसला.

"आज फिटलं असतं," ती म्हणाली. "तेवढंही करू दिलं नाहीस."

मला दया यायला हवी होती म्हणतात अशा वेळी. मला भयंकर राग आला. एकतीस वर्षं मी एकटीने जपलेली गोष्ट, आणि ही बाई ती ताटात वाढून घेऊन समोर बसलेली. सूड घ्यायचा असतो. कुणी दिलेला सूड मला नको.

"इतक्या स्वस्तात सुटायचं होतं तुला," मी म्हटलं. "एकदा फुटायचं आणि घरी जाऊन झोपायचं."

"मग काय करू?"

"गा. चाळीस प्रयोग लागलेत. डॉक्टरांचं औषध घे वेळेवर."

"आणि सूर?"

"सूर मी देईन. मला वाटेल तो."

तिने कापूस खाली ठेवला आणि मान हलवली. रडत होती की रंग डोळ्यांत गेला होता, मी विचारलं नाही.

बाहेर हे इस्त्रीच्या कपड्यांत उभे होते. वाटेत म्हणाले, "मध्ये काहीतरी खाली आलं ना? मला यंत्रातलं कळतं, गाण्यातलं नाही. पण खाली आलं ते बरं वाटलं." मी त्यांना कॅसेटचं सांगितलं. ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, "मोटर जलद नव्हती तर. मी उगाच भांडलो तुझ्याशी."

१० मार्च

काल दुसरा प्रयोग. ती होडीत उभी राहिली, पांढरीफटक. मी बोट पट्टीवर ठेवलं आणि जरा थांबले. एरवी थांबते त्याहून थोडं जास्त. तिने खळग्याकडे पाहिलं नाही, पण खांदे कानांपर्यंत गेले होते. मग मी सूर दिला. पांढरी पाच. तिचे खांदे खाली आले आणि ती गायली. पहिल्या प्रयोगापेक्षा चांगली गायली, हे लिहायला जिवावर येतंय.

नंतर विचारत होती, "शनिवारी?"

"शनिवारचं शनिवारी बघू."

घरी आल्यावर हे म्हणाले, "झालं का समाधान?"

"छे. अजून अडतीस आहेत."

खरं सांगायचं तर अडतीसच्या अडतीस वेळा मी पांढरी पाचच देणार आहे. हे तिला कळवायची मला काही गरज वाटत नाही.